स्टेनलेसमध्ये एम ८ चे आटे पाडताना टॅप मोडतोय. ड्रिल कितीचा घ्यावा?

तुम्ही विचारलंय की मालीम जेटीवरच्या ट्रॉलरसाठी ८ मिमी जाडीच्या ३०४ स्टेनलेस पट्टीत एम ८ चे, म्हणजे ८ मिमी बोल्टचे, आटे पाडायचे होते, ६.५ चा ड्रिल मारला आणि दोन टॅप (भोकात आटे कापायचं हत्यार) मोडले, तर टॅप हलके होते का. टॅप हलके असतीलही, पण आधी भोक बघा. एम ८ साठी ६.५ चं भोक कुठल्याही धातूत लहानच, आणि स्टेनलेसमध्ये त्याने टॅप मोडणारच.

हिशोब सोपा आहे. बोल्टच्या व्यासातून पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर, वजा करायचा. एम ८ चा नेहमीचा पिच १.२५, म्हणजे ६.७५. बाजारात ६.८ मिळतो, तोच घ्यायचा. पण हार्डवेअरवाल्याकडच्या डबीत ड्रिल अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने वाढत जातात: ६, ६.५, ७. त्यात ६.८ नसतोच, मग जवळचा म्हणून ६.५ उचलला जातो. एम ३ ला २.५, एम ६ ला ५ आणि एम १० ला ८.५ लागतो, ते डबीत सापडतात. एम ४ चा ३.३, एम ५ चा ४.२, एम ८ चा ६.८ आणि एम १२ चा १०.२ मात्र सुटे आणून टॅपसोबतच ठेवा.

६.५ ने नेमकं काय बिघडतं? आट्याची पूर्ण उंची १०० टक्के धरली, तर ६.८ च्या भोकात सुमारे ७४ टक्के आटा बसतो आणि ६.५ मध्ये ९२ टक्के. ७५ च्या पुढे आट्याची ताकद नाममात्र वाढते, टॅपवरचा जोर मात्र झपाट्याने वाढतो. कीस खाचांत दाबला जातो, टॅप फिरेनासा होतो आणि हँडलवर थोडा जास्त जोर दिला की तुटतो. हे टक्के कुठल्याही मापासाठी काढता येतात: बोल्टच्या व्यासातून ड्रिलचा व्यास वजा करा, आलेल्या आकड्याला पिचच्या १.३ पटीने भागा आणि १०० ने गुणा.

तुमच्या पट्टीसाठी मी ६.८ सुद्धा घेणार नाही, ६.९ घेईन. आतल्या आट्यांचं माप किती कमीजास्त चालतं ते वर्गाने ठरतं; नेहमीच्या ६एच वर्गात एम ८ चं आतलं भोक ६.६४७ ते ६.९१२ चालतं, म्हणजे ६.९ मापात बसतो आणि आटा ६८ टक्के मिळतो. पट्टीची जाडी बोल्टच्या व्यासाइतकी आहे, तेव्हा एवढा आटा पुरतो. फक्त इथे ड्रिलने भोक मोठं पाडता कामा नये. दोन्ही धारा सारख्या घासलेल्या नसतील, तर भोक सहज दशांश मिलिमीटरने मोठं होतं. म्हणून त्याच धातूच्या भंगार तुकड्यावर आधी एक भोक मारा आणि ७ च्या ड्रिलची मागची दांडी त्यात घालून बघा. दांडी आत गेली, तर ड्रिल पुन्हा घासायला हवा. व्हर्नियरचे आतले जबडे इतक्या लहान भोकात माप थोडं कमी दाखवतात, त्यावर पूर्ण विसंबू नका.

स्टेनलेसची आणखी एक खोड म्हणजे ड्रिल नुसता घासत राहिला की पृष्ठभाग तिथल्या तिथे कडक होतो, आणि मग त्या कडक भिंतीत टॅप चालवावा लागतो. साध्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिलला या मापात मिनिटाला ५०० फेरे पुरेत. दाब सलग ठेवा, कीस लांब पिळाचा येत राहिला पाहिजे. भुकटी पडू लागली की धार गेली, तिथेच थांबा. भोकाचं तोंड ८ मिमीहून किंचित मोठं होईल इतकं काउंटरसिंक करा, म्हणजे टॅप सरळ धरतो आणि पहिला आटा वर उचलला जात नाही.

तीन टॅपच्या सेटमधला पहिला, टेपर टॅप, आधी. दोन फेऱ्यांनंतर गुण्या लावून दोन बाजूंनी काटकोन तपासा, कारण वाकडा लागलेला टॅप पुढे सरळ करता येत नाही. मग अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे फिरवताना कीस तुटल्याचा हलका झटका हाताला लागतो, तो लागेपर्यंत मागे या. तेल कटिंग ऑइलच वापरा. खोबरेल अ‍ॅल्युमिनियमवर चालून जातं, स्टेनलेसवर त्याचा निभाव लागत नाही. बीड मात्र कोरडंच टॅप करावं.

जुन्या बोटीवर काम करताय, म्हणून सुताच्या मापांबद्दलही सांगतो. इंची बोल्टचा पिच थेट सांगत नाहीत, इंचाला किती आटे ते मोजतात, २५.४ ला त्या आकड्याने भागलं की पिच मिळतो. दोन सूत, म्हणजे पाव इंच, २० आट्यांना ५.१ चा ड्रिल. चार सुताला सावध राहा: व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश पद्धतीचे १२ आटे असतात, अमेरिकन यूएनसी पद्धतीचे १३. पहिल्याला १०.५, दुसऱ्याला १०.८. दोन्ही बोल्ट हातात सारखेच दिसतात, तेव्हा थ्रेड गेज (आटे मोजायची दातेरी पट्टी) लावल्याशिवाय ड्रिल उचलू नका.

बोल्टही स्टेनलेसचाच असेल, तर कोरडा आवळू नका. स्टेनलेसवर स्टेनलेस घासून आटे एकमेकांना चिकटतात आणि बोल्ट अर्ध्यावरच अडकतो. अँटीसीझ (आटे चिकटू न देणारं वंगण) लावा, सावकाश हातपान्याने आवळा, इम्पॅक्ट मशीन लावू नका.