द्राक्षबागेतील फवारणी आणि गर्भधारणा

प्रश्न : आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. माझे वय 28 असून दोनदा तिसऱ्या महिन्याच्या आतच माझा गर्भपात झाला. विरळणी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे) ही कामे मी करते आणि यजमानांचे फवारणीचे कपडेही मीच धुते. सासूबाई म्हणतात, अंगात उष्णता आहे. हे औषधांमुळे होत असेल का?

उत्तर : ताई, उष्णतेमुळे गर्भपात होत नाही आणि यात तुमचा काही दोष नाही, हे आधी सांगते. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निदान निम्म्यांमध्ये गर्भाच्या गुणसूत्रांतच बिघाड असतो, त्यामुळे एका स्त्रीच्या बाबतीत फवारणीवर खात्रीने ठपका ठेवता येत नाही. थायरॉइड, रक्तातील साखर, अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढवणारी प्रथिने) आणि गर्भाशयाची सोनोग्राफी या तपासण्या आता करून घ्यायलाच हव्यात.

तरीही तुमची शंका रास्त आहे. ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके किडीच्या मज्जासंस्थेतील ज्या विकराचे (एन्झाइमचे) काम बंद पाडतात, ते विकर माणसाच्या शरीरातही असते, आणि क्लोरपायरीफॉससारखे औषध वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचते. कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्यात शेतमजूर कुटुंबांची जी दीर्घ पाहणी झाली, तिच्यात गरोदरपणी ज्या मातांच्या लघवीत या औषधांचे अंश अधिक आढळले, त्यांची मुले सातव्या वर्षी बुद्ध्यंकात मागे दिसली. म्हणजे गर्भ टिकला तरी धोका टळतोच असे नाही.

बागेत औषध अंगात जाण्याची मोठी वाट त्वचा आहे, आणि नाकाला स्कार्फ बांधला की झाले, हा समज म्हणूनच मला फार घातक वाटतो. डिपिंगमधील जीए (जिबरेलिक ॲसिड) हे वाढीचे संजीवक आहे, कीटकनाशक नव्हे. पण हात वर करून घड बुडवताना द्रावण कोपरापर्यंत ओघळते, आणि आदल्या दिवशी फवारलेली, सकाळच्या दवाने पुन्हा ओली झालेली पाने त्याच भिजल्या हातांना दिवसभर लागत राहतात. फवारणीनंतर किमान दोन दिवस, आणि लेबलवर अधिक काळ दिला असल्यास तितके दिवस, बागेत जाऊ नका. नंतरही पूर्ण बाह्या आणि नायट्राइलचे हातमोजे वापरा.

गर्भाचे अवयव गर्भधारणेपासून तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडतात, आणि पाळी चुकल्याचे लक्षात येईपर्यंत त्यातील काही दिवस उलटून गेलेले असतात. म्हणून काळजी दिवस राहण्यापूर्वीच सुरू झाली पाहिजे, आणि ती एकट्या तुमची नव्हे. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, तेव्हा यजमानांनीही निदान तीन महिने आधीपासून पूर्ण संरक्षण घेऊनच फवारणी करावी, घरात येण्यापूर्वी अंघोळ करावी आणि फवारणीचे कपडे स्वतः, इतर कपड्यांपासून वेगळे धुवावेत. पुढच्या खेपेस दिवस राहिले की बागेतील कामे आणि औषध कालवणे पूर्णपणे बंद ठेवा. फॉलिक ॲसिड मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने आतापासूनच सुरू करा.

तपासणीला जाताना शेडमधील सर्व डब्यांच्या लेबलांचे फोटो सोबत न्या. दुकानातील नावापेक्षा त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले तांत्रिक नाव डॉक्टरांना अधिक उपयोगी पडेल.