वीजबिल शून्य, पण बॅटरीचा हप्ता?

प्रश्न : माझं वय ४८, पत्नीचं ४५. साठीला निवृत्त होईन. आम्ही जमीन घेतली आहे, पण तिथवर विजेची लाइन नाही. हिवाळा कडक असतो. सूर्याच्या उबेवर चालणारं, ग्रिडला न जोडलेलं घर बांधायचं आहे. बांधकाम, पॅनेल आणि बॅटऱ्या धरून बचतीतले ८० टक्के जातील. वीजबिल कायमचं संपेल, त्यामुळे निवृत्तीनंतर थोडक्यात भागेल. हे गणित बरोबर आहे का?

उत्तर : अर्धं बरोबर आहे. घर जरूर बांधा, पण ‘कायमचं’ हा शब्द वहीतून खोडा आणि ८० टक्क्यांचा आकडा खाली आल्याशिवाय पाया खणू नका.

तुम्ही दोन खरेद्या एकाच आकड्यात घातल्या आहेत. एक घराच्या रचनेची, ती एकदाच होते. दुसरी वीजयंत्रणेची, ती ठरावीक वर्षांनी पुन्हा दारात उभी राहते.

पहिल्या खरेदीत हात आखडू नका. घराची लांब बाजू विषुववृत्ताच्या दिशेला वळवायला सहसा जादा पैसे पडत नाहीत, ते नकाशावरच ठरतं. मोठ्या काचा त्याच बाजूला ठेवायच्या. वर छज्जा असा, की उन्हाळ्यातलं डोक्यावरचं ऊन अडेल आणि हिवाळ्यातलं तिरपं ऊन थेट फरशीवर येईल. आता त्या फरशीचाच हिशेब करू. १०० चौरस मीटर, १० सेंटिमीटर जाड काँक्रीट म्हणजे १० घनमीटर. रात्रभरात ते फक्त ३ अंशांनी थंड झालं, तरी साधारण १७ युनिट उष्णता घरात सोडतं. साध्या हीटरने तेवढी ऊब द्यायची तर बॅटरीतून तेवढेच युनिट उपसावे लागतील. (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणणाऱ्या हीट पंपाला याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी वीज पुरते, हेही सांगायला हवं. पण ती तिसरा हिस्सा वीजही साठवावी लागतेच.) फरशी दहा-बारा वर्षांनी बदलावी लागत नाही. मात्र तिच्याखाली आणि भिंतींना इन्सुलेशन, म्हणजे ऊब अडवणारा थर, नसेल, तर दिवसभर साठवलेली ऊब जमिनीत आणि बाहेर जाईल. खर्च कमी करायची वेळ आली की ठेकेदार आधी इन्सुलेशनवर बोट ठेवेल. तिथे ऐकू नका, हवं तर एक खोली कमी करा.

आता दुसरी खरेदी. समजा पन्नाशीत राहायला गेलात. लेड-ॲसिड बॅटरी ३ ते ७ वर्षं चालते, लिथियम आयर्न फॉस्फेट (लिथियम बॅटरीचा एक प्रकार) १० ते १५, इन्व्हर्टरही साधारण तितकाच. पॅनेल २५ वर्षं काढतात, त्यांची मला काळजी नाही. पण चांगली बॅटरी घेतलीत तरी तिची बदली साठ ते पासष्टमध्ये येते, म्हणजे नेमका पगार थांबल्यावर. आणि सत्तरीत पुन्हा एकदा. म्हणून १२ वर्षं आयुष्य धरून बॅटरी आणि इन्व्हर्टरच्या किमतीचा १४४वा भाग दरमहा बाजूला टाका. तेच तुमचं वीजबिल.

हे बिल लहान ठेवता येतं. रोज ५ युनिट लागतात आणि ३ ढगाळ दिवस काढायचे असं धरू, म्हणजे १५ युनिट. लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून ३० युनिटची बँक, म्हणजे बॅटऱ्यांचा संच, लागेल. लिथियमला १८च्या आसपास पुरते. यात १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायचं म्हटलं, तर ३.५ युनिट एकट्या आंघोळीलाच गेले! पाणी उन्हावर चालणाऱ्या वॉटर हीटरवरच तापवा, विजेला हात लावू नका.

माझं मत असं की पहिल्या वर्षी लहान बॅटरी आणि अडीअडचणीला जनरेटर यांवर भागवा, आणि पुढे क्षमता वाढवता येईल अशी यंत्रणा निवडा. लिथियम बॅटरी पॅकच्या किमती २०१०पासून जवळपास ९० टक्क्यांनी उतरल्या आहेत, त्यामुळे आजच मोठी बँक घेऊन ठेवण्यात शहाणपण दिसत नाही. बॅटरी ठेवा मात्र घराच्या उबेत. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर ती कायमची बिघडते.

राहिला ८० टक्क्यांचा प्रश्न. निवृत्तीसाठी वेगळी काढलेली रक्कम आणि एका वर्षाचा घरखर्च बाजूला ठेवा. उरेल तेवढंच घराचं बजेट, घर त्यात बसवा. ग्रिड नसलेल्या घराला गिऱ्हाईक कमी असतं, म्हणून गरज पडली की विकू या भरवशावर राहू नका. कर्ज आणि विमा मिळेल का, हेही बांधकामाआधीच विचारून घ्या.

वास्तुविशारदाकडे जाण्याआधी दोन आकडे मिळवा. सध्याच्या घरात हिवाळ्यात रोज किती युनिट जळतात ते मीटर वाचून लिहा, पाणी तापवण्याचे वेगळे काढून. आणि जमिनीपर्यंत लाइन आणायचा खर्च लेखी मागवा. तो बॅटरीच्या दोन बदल्यांपेक्षा कमी निघाला, तर लाइन घ्या आणि घर आहे तसंच बांधा. ऊन काही मीटर बघून आत येत नाही.