निर्माता असला तर नास्तिकाला काय?

प्रश्न : मी निरीश्वरवादी आहे. उद्या विश्वाचा निर्माता आहे असे सिद्ध झाले, तर माझ्या जगण्यात फरक पडावा का?

उत्तर : ज्ञानात फरक पडलाच पाहिजे, पुरावा समोर असताना तो नाकारणे विवेकाला शोभणारे नाही. आचरणाचा प्रश्न मात्र निराळा आहे आणि आपल्याकडे तो फार पूर्वी विचारला गेला आहे. ‘श्लोकवार्तिक’ या ग्रंथात कुमारिल भट्ट या मीमांसकाने (वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या मीमांसा दर्शनाच्या आचार्याने) असा आक्षेप घेतला, की करुणेपोटी सृष्टी निर्माण झाली म्हणावे, तर त्यापूर्वी करुणा करण्याजोगे प्राणीच नव्हते, आणि करुणाच हेतू असता, तर जग केवळ सुखमय झाले असते. विशेष म्हणजे निर्माता नाकारणारे हे मीमांसक यज्ञकर्मे कसोशीने पाळत, कारण त्यांच्या मते धर्माचे प्रामाण्य अपौरुषेय, म्हणजे कोणीही न रचलेल्या, वेदांत होते, कोणा कर्त्याच्या आज्ञेत नव्हे. जैनांनीही निर्माता न मानता अहिंसेचे अत्यंत काटेकोर आचारशास्त्र उभारले. (वेदप्रामाण्यावर या दोघांचे मुळीच जमत नसे.)

म्हणून मला असे ठामपणे वाटते, की ज्याने जग घडवले त्याची आज्ञा केवळ तेवढ्यामुळे न्याय्य ठरत नाही. ती न्याय्य आहे का, हे तुम्हाला तेव्हाही स्वतःच तपासावे लागेल.