हात कोणाचा हलतो?

प्रश्न : १९८६ साली वसतिगृहात असताना आम्ही तिघी मैत्रिणी परीक्षेच्या आधी रात्री प्लँचेट करीत असू. पाटावर खडूने अक्षरे आणि आकडे लिहायचे, मध्ये स्टीलची वाटी उपडी ठेवायची आणि तिच्यावर तिघींनी एकेक बोट टेकवायचे. वाटी खरोखर सरकत असे, नावे सांगत असे. मी ती ढकलत नव्हते, हे आजही शपथेवर सांगेन. मैत्रिणीही तेच सांगतात. माझा मुलगा मात्र हसतो आणि म्हणतो, तुमच्यापैकी एक जण लबाड होती. खरे काय समजावे?
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : एक तर कोणीतरी लबाडी केली, नाही तर मृतात्मा आला, असे दोनच पर्याय समोर ठेवले की या विषयावरचे घरगुती वाद तिथेच अडतात. तिसरा पर्याय असा आहे की वाटी आपण तिघीच हलवत होता आणि तरीही आपल्यापैकी एकही खोटे बोलत नव्हती. तो सिद्ध होऊन पावणेदोनशे वर्षे होत आली आहेत.

सुरुवात अमेरिकेत झाली. न्यूयॉर्क राज्यातील हायड्सव्हिल या खेड्यात ३१ मार्च १८४८ रोजी फॉक्स कुटुंबातील दोन मुलींच्या घरात टकटक आवाज येऊ लागले आणि मृतात्मे प्रश्नांची उत्तरे देतात अशी वार्ता पसरली. (त्यांपैकी मार्गारेटने १८८८ साली न्यूयॉर्कच्या भर सभेत, ते आवाज आपण पायाच्या बोटांचे सांधे वाजवून काढत होतो, असे सांगितले आणि पुढच्याच वर्षी ते विधान मागेही घेतले.) काही वर्षांतच हे वेड युरोपात पोचले. तेथे लोक गोल टेबलाभोवती बसून त्यावर हात टेकवीत आणि टेबल आपोआप फिरू लागे. फ्रान्समध्ये लहानशा फळीला चाके आणि पेन्सिल लावून लिहिण्याची सोय झाली. प्लँचेट या फ्रेंच शब्दाचा अर्थच छोटी फळी असा आहे. १८९१ साली बाल्टिमोरमध्ये अक्षरांच्या पाटीचे पेटंट घेतले गेले आणि ती खेळ म्हणून दुकानांत विकली जाऊ लागली. आपला पाट आणि वाटी ही त्याच पाटीची घरगुती आवृत्ती होय.

टेबल का फिरते, हे मायकेल फॅरडे यांनी १८५३ साली ज्या रीतीने शोधले ती मला त्यांच्या विजेवरील प्रयोगांइतकीच देखणी वाटते. त्यांनी मुद्दाम प्रामाणिक म्हणून नावाजलेली आणि टेबल हमखास फिरवणारी माणसे निवडली. टेबलावर त्यांनी पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक रचले, मध्ये मऊ चिकट पदार्थाचे थर दिले आणि सर्वांत वरच्या पुठ्ठ्यावर बसणाऱ्यांना हात ठेवायला सांगितले. टेबल आधी सरकले असते तर खालचा पुठ्ठा पुढे गेला असता आणि वरचे मागे रेंगाळले असते. हात आधी सरकले असते तर वरचा पुढे गेला असता. टेबल फिरून थांबल्यावर पाहिले तेव्हा वरचा पुठ्ठा पुढे गेलेला होता. पुढे त्यांनी हाताची बारीकशी सरकही दाखवणारी काडी बसवली. ती काडी बसणाऱ्यांना दिसू लागताच टेबल जागचे हलेना. आपला हात ढकलतो आहे हे डोळ्यांना दिसले की ढकलणे थांबत होते, आणि म्हणूनच यात कोणाची लबाडी नव्हती असा निर्वाळा फॅरडे यांनी दिला. त्याच्या आदल्या वर्षी विल्यम कार्पेंटर या शरीरशास्त्रज्ञाने अशा हालचालींना इंग्रजीत ‘आयडिओमोटर’ असे नाव दिले होते. मनात हालचालीची नुसती कल्पना किंवा अपेक्षा उभी राहिली तरी स्नायू तिच्या दिशेने किंचित काम करू लागतात आणि त्यासाठी इच्छेची गरज नसते, असे त्यांचे म्हणणे होते.

मग वाटी अर्थपूर्ण शब्द कशी बनवते? २०१८ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा पाटीवर बसलेल्या जोड्यांच्या नजरेचा माग घेतला. मुद्दाम शब्द लिहायला सांगितल्यावर माणूस पुढच्या अक्षराकडे आधीच पाहतो, हे उघड आहे. ‘आत्म्याशी’ बोलताना एकेकट्याची नजर तितकी पुढे धावत नव्हती. परंतु दोघांचा एकत्र विचार केला तर कोणाची तरी नजर पुढच्या अक्षरावर आधी पोचलेली असे. पहिले एक-दोन वर्ण पडले की उरलेला शब्द कोणाला तरी सुचतो, तिचे बोट हलते, बाकीच्यांची बोटे सोबत जातात आणि प्रत्येकीला आपण केवळ मागे ओढल्या जात आहोत असे वाटते. शिवाय बराच वेळ टेकवलेले बोट थकले की आपण किती जोर लावतो आहोत याचा अंदाजही उरत नाही.

पडताळा घ्यायचा असल्यास साधा उपाय आहे. तिघींचे डोळे घट्ट बांधावेत, चौथ्या व्यक्तीने न सांगता पाट अर्धा फिरवावा आणि पडणारी अक्षरे लिहून घ्यावीत. आत्म्याला अक्षरे दिसत असतील तर काही बिघडू नये; प्रत्यक्षात अर्थहीन अक्षरे पडतात किंवा ‘हो’ची जागा जिथे होती तिथे वाटी इमानाने जाऊन थांबते. चिरंजीवांनाही बोट ठेवायला बसवावे.

प्रश्न : आमच्या गावात बोअर मारण्याआधी पाणाड्याला बोलावतात. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ पाण्याच्या जागी उभा राहतो, हे मी स्वतः पाहिले आहे. आमच्या बोअरला दोनशे फुटांवर पाणी लागले. हे कसे नाकारणार?
— एक शेतकरी वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : नारळ उभा राहतो हे नाकारण्याचे कारणच नाही. तळहातावरचा नारळ, तसेच दोन्ही मुठींत ताणून धरलेली इंग्रजी वाय अक्षरासारखी फांदी, या मुळातच डळमळीत समतोलाच्या वस्तू आहेत; मनगट केसभर वळले तरी त्या झटक्याने जागा बदलतात. पाहणाऱ्याला मनगट दिसत नाही, नारळ दिसतो. धरणाऱ्यालाही मनगट जाणवत नाही, कारण वरच्या उत्तरातील वाटीचाच हा प्रकार आहे.

राहिला प्रश्न पाण्याचा. महाराष्ट्राचा चार पंचमांशांहून अधिक भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. त्यात पाणी झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठते. अशा भूभागात पुष्कळ ठिकाणी थोडेफार पाणी लागतेच. ते किती आणि उन्हाळ्यात टिकते का, हा खरा प्रश्न असतो. लागलेले बोअर गावात वर्षानुवर्षे सांगितले जाते आणि कोरड्या गेलेल्या बोअरवर दगड ठेवून माणूस गप्प बसतो. तेव्हा आपल्या बोअरबद्दल विचारायचे ते असे की पाणाड्याने ‘इथे नाही’ म्हटलेल्या जागी खोदले असते तर काय झाले असते? ते कोणी खोदून पाहत नाही.

जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये ते पाहिले गेले. सुमारे ५०० जणांतून निवडलेल्या ४३ पाणाड्यांना एका कोठाराच्या वरच्या मजल्यावर फिरवले आणि खालच्या मजल्यावर पाण्याचा नळ दर वेळी वेगळ्या जागी ठेवला. ८४३ चाचण्या झाल्या. प्रयोग करणाऱ्यांना त्यांतील मोजक्या जणांत खरी शक्ती दिसली. दुसऱ्या शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले तेव्हा ते योगायोगापलीकडे जात नव्हते.

तरीही जुन्या पाणाड्यांना सरसकट भोंदू म्हणणे मला पटत नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूगर्भातील पाण्यावर ‘दकार्गल’ नावाचा आख्खा अध्याय आहे आणि त्यात झाडे, वारुळे, माती, खडक यांच्या खुणा दिल्या आहेत. त्यातली प्रत्येक खूण खरी ठरेलच असे नाही, पण ही पाहण्याची रीत आहे आणि आयुष्यभर शिवार पायाखाली घातलेल्या माणसाच्या मनगटात ती नकळत उतरत असेल. पैसे मात्र खोदाईला जातात, तेव्हा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाचा सल्ला आधी घ्यावा.

हीच क्लृप्ती जीवघेणी कशी होते तेही सांगतो. मुठीवर फिरती अँटेना बसवलेले आणि आत काहीही नसलेले ‘एडीई ६५१’ हे उपकरण बाँब शोधते म्हणून इराकला विकले गेले आणि बगदादच्या तपासनाक्यांवर वापरले गेले. ते विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला २०१३ साली ब्रिटनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याला सत्य ठाऊक होते. उपकरण हातात धरणाऱ्या शिपायांना ते ठाऊक नव्हते.

प्रश्न : चमत्कारांच्या तपासणीसाठी शास्त्रज्ञांऐवजी जादूगाराला बोलवावे, असे म्हणतात. हे कितपत योग्य?
— एक विद्यार्थी, डोंबिवली

उत्तर : जिथे हातचलाखी आहे तिथे अगदी योग्य. निसर्ग शास्त्रज्ञाला फसवण्याचा प्रयत्न करीत नाही, त्यामुळे फसवणूक ओळखण्याचा सराव त्याला नसतो. जादूगाराचा तो रोजचा धंदा आहे. परंतु जिथे करणारा स्वतःच प्रामाणिक आहे तिथे जादूगाराला पकडण्यासारखे काही नसते. जून १९२२ मध्ये अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे शेरलॉक होम्सच्या कथांचे लेखक आर्थर कॉनन डॉईल यांच्या पत्नीने जादूगार हॅरी हुडिनीसमोर भराभर लिहायला सुरुवात केली. हुडिनीची दिवंगत आई आपल्या हातून लिहिते आहे, अशी तिची श्रद्धा होती. त्या काळचा सर्वांत तरबेज जादूगार समोर बसला होता, आणि त्याला कोणतीही क्लृप्ती सापडली नाही, कारण ती नव्हतीच. शंका आली ती दोन गोष्टींवरून. पानाच्या माथ्यावर क्रूस काढलेला होता आणि मजकूर अस्खलित इंग्रजीत होता. हुडिनीची आई मात्र एका ज्यू धर्मगुरूची पत्नी होती आणि तिला इंग्रजी जेमतेम येत असे.