सामाजिक नाटकातल्या सर्वसमावेशकतेवर प्रबंध करायचाय, संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?

तुम्ही लिहिलंय की नाट्यशास्त्राच्या एम.ए.साठी 'सामाजिक विषयांवरील नाटकांतील सर्वसमावेशकता : एक अभ्यास' असा विषय दिला आणि गाईडनी "हे शीर्षक झालं, प्रश्न कुठाय?" म्हणून परत पाठवला. सेम माझ्याबरोबर झालंय म्हणून लिहितेय. गाईडचं बरोबर आहे हो. राग येतो, पण बरोबर आहे. 'एक अभ्यास' म्हटलं की उत्तर येणार "थोडी आहे, अजून व्हायला पाहिजे", आणि ते तर आजच माहितीये, त्यासाठी वर्षभर कशाला घासायची.

माझा प्रश्न मला नळावर सापडला. आम्ही नाशिकला कॉलेजच्या पोरापोरींचा ग्रुप, पाणीटंचाईवर पथनाट्य बसवत होतो, सातपूरकडच्या एका वस्तीतल्या बायकांना घेऊन. म्हणजे घेऊन करायचं असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी नऊ जणी आल्या, दुसऱ्या दिवशी चार, आठवड्याने एकही नाही. आम्ही आपले म्हणतोय यांना इंटरेस्टच नाही, घरचे सोडत नसतील, काय वाट्टेल ते तर्क. तालीम संध्याकाळी सहाला, कारण आमची लेक्चर्स संपायची, दोघं-तिघं अंबडला कंपनीत होते ते सुटायचे. आणि वस्तीत पाणी यायचं तेही सहालाच. नाटक पाण्याचं, आणि ज्यांचं दुखणं त्या हंडे-कळश्या लावून शंभर पावलांवर उभ्या. हे आमच्या डोक्यात शिरायला तीन आठवडे लागले, खोटं नाही सांगत. तोवर त्यांचे रोल आमच्याच मुलींना देऊन झाले होते.

प्रयोग झाला, टाळ्याही पडल्या. नंतर पहिल्या दिवशी आलेल्यांतल्याच एक मावशी मला म्हणाल्या, "पोरी चांगल्या भांडल्या गं. पण नळावर असं एकीचं झाल्यावर दुसरी बोलती व्हय? आमच्यात समदं एकदमच चालतं."

मी घरी येऊन संहिता काढून बघितली तर खरंच, एक वाक्य हिचं, एक वाक्य तिचं, मध्ये पॉज, सगळं कसं स्वच्छ ऐकू येईल असं. आम्हाला शिकवलंच तसं होतं ना, दुसऱ्याच्या वाक्यावर चढायचं नाही. म्हणजे बायका नुसत्या तालमीतून गळल्या नव्हत्या, त्यांची भांडायची पद्धतसुद्धा नाटकातून गळली होती, आणि त्याचं कारण कुणाचा वाईट हेतू वगैरे नाही, तालमीचं टायमिंग. तिथून माझा प्रश्न असा झाला : तालमीची वेळ, जागा आणि बोलायची रीत कोण ठरवतं, आणि त्यामुळे शेवटच्या संहितेत कुणाचं काय उरतं? बघा, याचं उत्तर मला आधी माहीत नव्हतं, आणि माझा अंदाज चुकूही शकला असता. तुमच्या प्रश्नाला हीच चाचणी लावा. "सर्वसमावेशकता महत्त्वाची आहे का" याला कोण नाही म्हणणारे?

अजून एक, या 'समावेश' शब्दाकडेच जरा संशयाने बघा. सामावून घेणं म्हटलं की घर आधीच कुणाचं तरी आहे आणि दुसऱ्याला आत या म्हणतोय, असं होतं. आमच्या नाशिकातच काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. त्या काळातले आंबेडकरी जलसे बघा, म्हणजे आंबेडकरांचे विचार गाण्यांतून, संवादांतून मांडणारे कार्यक्रम, शाहीर भीमराव कर्डकांचे वगैरे. तिथे ज्यांचा प्रश्न तेच लिहिणारे, तेच गाणारे, समाजाला कुणी 'सहभागी करून' घेतलेलं नव्हतं. आज त्याच सत्याग्रहावर कुणी नाटक बसवलं तर लेखणी कुणाच्या हातात आणि ढोलकी कुणाच्या, हा मला तरी कितीतरी चांगला प्रश्न वाटतो. (माझ्या गाईडना मात्र हा मुद्दा अजिबात आवडला नव्हता, तो भाग वेगळा.)

वाचताना ऑगुस्तो बोआल हा ब्राझीलचा नाट्यदिग्दर्शक येणारच. त्याच्या फोरम थिएटरमध्ये नाटक एकदा पूर्ण दाखवतात, दुसऱ्यांदा सुरू केलं की प्रेक्षकातलं कुणीही "थांबा" म्हणून मंचावर येऊन दबलेल्या पात्राची जागा घेऊ शकतं. बंगालमध्ये १९८५ ला सुरू झालेली जन संस्कृती ही नाट्यसंस्था पुढे हेच करायला लागली. पण पद्धत घेतली म्हणजे काम झालं असं नाही, कारण 'कुणीही' म्हटलं तरी उठतं कोण? आमच्याकडे पहिला उठायचा तो बहुतेक वेळा पुढे उभा असलेला पुरुष, आणि तो बाईचा रोल घेऊन बाईला काय करायला हवं ते सांगायचा. हे मोजता येतं, म्हणून सांगतेय.

दिव्यांग कलाकारांवर करायचं मनात असेल तर आधी बारीक करा. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात ७ होते. कर्णबधिर नटाची अडचण आणि व्हीलचेअरवरच्या नटाची अडचण एका प्रकरणात कोंबलीत तर दोन्ही वाया.

एकच ग्रुप घ्या, एकच नाटक, पहिल्या तालमीपासून शेवटच्या प्रयोगापर्यंत. मुलाखती नंतर, आधी एक वही घेऊन कोपऱ्यात बसा. कोण कधी आलं, कधी उठून गेलं, कुणाचं वाक्य कुणी आणि काय कारण देऊन कापलं. संहितेच्या सगळ्या आवृत्त्या तारीख टाकून मागून घ्या, व्हॉट्सॲपवर पडलेल्या पण, लोक जुन्या फायली उडवतात आणि मग आपण बोंबलत बसतो.

परवानगी पहिल्याच दिवशी घ्या, मुलं १८ च्या आतली असतील तर आईवडिलांचीसुद्धा. मी हे केलं नव्हतं. वर दिलेलं मावशींचं वाक्य प्रबंधात टाकायला नंतर विचारायला गेले तर त्या म्हणाल्या टाक की, पण आधी हा हंडा धर.