वाचकांचे प्रश्न : वेलिंग्टनमध्ये रिव्हेंडेल कुठे सापडेल?

प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही उभयता, आमची तेरा वर्षांची मुलगी आणि सासूबाई असे चौघे न्यूझीलंडला जाणार आहोत. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तिन्ही भाग मुलीला तोंडपाठ आहेत, त्यामुळे वेलिंग्टनमधील चित्रीकरणाची सगळी ठिकाणे पाहायचीच असा तिचा हट्ट आहे. तिथे आमचा मुक्काम तीन दिवसांचा असेल. एवढ्यात हॉबिटनही, म्हणजे चित्रपटातले बुटक्या हॉबिटांचे गावही, उरकता येईल का? शहर टेकड्यांवर वसलेले आहे असे ऐकतो आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. शिवाय त्यांनी यातला एकही चित्रपट पाहिलेला नाही.
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : हॉबिटन वेलिंग्टनच्या तीन दिवसांत बसवू नये. ते मातामाता या गावाजवळ असून वेलिंग्टनपासून मोटारीने तिथे पोहोचायला सहा तासांच्या आसपास लागतात. ऑकलंडहून मात्र ते दोन-सव्वादोन तासांवर आहे, म्हणून आपला प्रवास ऑकलंडमार्गे होत असेल तर ते तिथल्या मुक्कामातच पाहून घ्यावे. मार्गदर्शकाशिवाय आत प्रवेश मिळत नसल्याने तिकिटे आधीच काढून ठेवावी लागतात.

आता वेलिंग्टनविषयी. मुलीची निराशा टाळायची असेल तर निघण्यापूर्वीच तिला एक गोष्ट समजावून सांगावी, ती अशी की या शहरात आणि आसपास चित्रीकरण भरपूर झाले असले तरी त्यासाठी उभारलेले बहुतेक देखावे काम संपताच काढून टाकण्यात आले. माउंट व्हिक्टोरिया या टेकडीच्या पाइनवनात काळ्या घोडेस्वाराच्या भीतीने हॉबिट झाडाच्या मुळांखाली दडतात ते दृश्य घेतले गेले आणि १९९९ च्या ऑक्टोबरात तिन्ही चित्रपटांच्या चित्रीकरणाचा आरंभही याच टेकडीवर झाला. तिथली पायवाट आणि झाडी आजही आहे, पण ते मुळांचे झाड मुळात चित्रपटासाठी बनवलेले असल्याने आता दिसत नाही. टेकडीची उंची १९६ मीटर आहे आणि माथ्यापर्यंत मोटार जाते. सासूबाईंना वरच्या सज्जावर बसवून आपण खाली वनात उतरून यावे. त्यांना तिथून बंदर, विमानतळ आणि सगळे शहर एका जागी दिसेल. वारा मात्र जबरदस्त असतो. कुकच्या सामुद्रधुनीतून तो थेट शहरात घुसतो, त्यामुळे छत्रीपेक्षा कानटोपीच कामाला येते.

शहराबाहेरच्या एकाच ठिकाणासाठी वेळ काढायचा असेल तर तो कायटोके उद्यानासाठी काढावा असे आमचे मत आहे. अपर हट गावाच्या पुढे, शहरापासून सुमारे ४५ किलोमीटरवर हे वन आहे आणि चित्रपटातल्या एल्फ या अमर लोकांचे वसतिस्थान रिव्हेंडेल इथेच उभारले होते. मूळ देखावा उरलेला नसला तरी त्या जागी एक कमान नव्याने बसवली आहे. वाहनतळापासून तिथवरची वाट थोडी आणि बरीचशी सपाट असल्याने सासूबाईही सावकाश येऊ शकतील. उद्यानापर्यंत सार्वजनिक बस जात नाही, त्यामुळे भाड्याची मोटार घ्यावी. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. येता-जाता अपर हटचे हारकोर्ट पार्क पाहता येईल, जिथे आयझेनगार्ड या दुष्ट जादूगाराच्या गडाची बाग चित्रित झाली. हेल्म्स डीप हा किल्ला आणि मिनास टिरिथ हे नगर ज्या ड्राय क्रीक खाणीत उभे राहिले तिथे जाण्याच्या फंदात पडू नये, कारण ती चालू खाण आहे. चित्रपटात दिसणारे पुतांगिरुआचे मातीचे सुळके अप्रतिम असले तरी तिथली वाट ओढ्याच्या दगडगोट्यांतून जाते आणि दुखऱ्या गुडघ्यांना ती झेपणार नाही.

आमच्या मते खरा ऐवज मिरामार उपनगरातल्या वेटा वर्कशॉपमध्ये, म्हणजे या चित्रपटांची चिलखते आणि इतर सामान घडवणाऱ्या कार्यशाळेत आहे. शहरातून दोन क्रमांकाची बस त्या भागात जाते. दाराशी बसलेल्या अवाढव्य ट्रोल राक्षसांच्या पुतळ्यांसोबत छायाचित्र काढायला पैसे पडत नाहीत. कार्यशाळेची फेरी सशुल्क असते आणि ती अगोदर आरक्षित करावी. पडद्यावर लोखंडी भासणारी साखळीची चिलखते प्लॅस्टिकच्या नळीचे बारीक काप करून आणि ती कडी एकेक करून हाताने गुंफून तयार केलेली आहेत, हे कळल्यावर आपली मुलगी चित्रपट नव्या नजरेने पाहील. धिप्पाड जादूगार गँडाल्फ आणि बुटके हॉबिट एकाच चौकटीत दाखवताना अनेकदा एका नटाला कॅमेऱ्याजवळ आणि दुसऱ्याला बराच मागे बसवले जात असे. अशा करामतींचे कौतुक नाशिककरांनी तर विशेषच करावे, कारण चित्रपटातल्या चमत्कारांची गोडी या देशाला लावणारे दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. पांडवलेण्यांच्या पायथ्याचे त्यांचे स्मारक मुलीने पाहिले नसेल तर जाण्यापूर्वी तेही दाखवावे.

सासूबाईंसाठी दोन गोष्टी सुचवतो. लॅम्बटन की या बाजारपेठेतून केलबर्नच्या चढावर जाणारी केबल कार १९०२ पासून चालू आहे; ती पाचेक मिनिटांत वर नेते आणि उतरल्यावर समोरच वनस्पती उद्यान लागते. दुसरे ठिकाण म्हणजे ते पापा हे राष्ट्रीय संग्रहालय. परदेशी पाहुण्यांना तिथे ३५ न्यूझीलंड डॉलर शुल्क आहे, पण सोळा वर्षांखालील मुलांना ते लागत नाही. पहिल्या महायुद्धातील गॅलिपोलीच्या लढाईवरच्या दालनात माणसांच्या २.४ पट मोठ्या आकृत्या आहेत आणि त्या वेटाच्याच कारागिरांनी घडवल्या आहेत. हातावरचे केस आणि कपाळावरचा घाम इतका हुबेहूब आहे की चित्रपट न पाहिलेला माणूसही तिथे खिळून राहतो.

मे महिन्यात तिथे शरद ऋतू सरत आलेला असतो आणि सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून कायटोकेला सकाळीच निघावे आणि संग्रहालय दुपारनंतर ठेवावे.

प्रश्न : सोबत चिवडा, मनुका, लोणचे नेता येईल का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : नेण्याआधी नियम जरूर पाहावेत, आणि जे न्याल ते आगमनाच्या अर्जात न चुकता नोंदवावे. न्यूझीलंड शेतीच्या रोगराईबाबत अत्यंत कडक आहे. नोंद न केलेला खाद्यपदार्थ सापडला तर जागेवर ४०० डॉलर दंड होतो, मग तो पिशवीच्या तळाशी विसरलेला एखादा पेरू का असेना. ताजी फळे आणि मध नेऊच नये. पेढे-बर्फीही घरीच ठेवलेली बरी. बाकीचे कारखान्यात बंद केलेल्या, इंग्रजीत घटक छापलेल्या पाकिटांतून न्यावे म्हणजे तपासनिसाला पटकन उलगडा होतो. आणखी एक : ब्रह्मगिरीला किंवा अंजनेरीला घालून गेलेले बूट बॅगेत भरण्यापूर्वी तळव्याच्या खाचांतली माती ब्रशने पूर्ण काढून ते धुऊन वाळवावेत, कारण अशा वापरलेल्या बुटांचीही नोंद करावी लागते आणि ते उलटे करून पाहिले जातात.