डासाची सोंड की डासाची नांगी?

मुलांसाठी कीटकांवरची पुस्तिका मराठीत आणणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, डासाच्या टोचणाऱ्या अवयवाला ‘सोंड’ म्हणावे की ‘नांगी’, आणि ‘डास चावतो’ हे शास्त्राच्या पुस्तकात शोभेल का.

सोंडच म्हणावे. नांगी म्हणजे विंचवाच्या शेपटीच्या टोकाचा विषारी काटा. ‘नांगी टाकणे’ या वाक्प्रचारातही तोच आहे. मधमाशीची नांगीही मागेच असते आणि ती अंडी घालण्याच्या नळीचे रूपांतर असल्यामुळे नराला नसतेच. घोटाळा होतो तो खेकड्यामुळे, कारण त्याच्या चिमट्यांनाही आपण नांग्या म्हणतो. पण ते त्याचे पुढचे पाय आहेत. घास तोंडाकडे सारणारी इवली उपांगे निराळी, आणि कालवणातली नांगी फोडताना त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

डासाची सोंड मात्र साधी नळी नव्हे. बाहेर दिसते ती खालच्या ओठाची झालेली पन्हळ. मादी रक्त पिऊ लागली की ही पन्हळ कोपरासारखी मागे दुमडून कातडीबाहेरच राहते आणि आत शिरतात त्या तिच्यातल्या सहा बारीक सुया. त्यांतल्या एकीतून लाळ खाली उतरते, दुसरीतून रक्त वर येते, आणि उरलेल्या चार म्हणजे जबड्यांच्याच दोन जोड्या. भाताचे पान कुरतडताना नाकतोडा जे जबडे आडव्या कात्रीसारखे चालवतो, तेच येथे सुईइतके निमुळते झाले आहेत.

म्हणूनच ‘चावतो’ खोडू नये. ‘चावणे’ हे ‘चर्वण’च्या कुळातले क्रियापद असल्याने शब्दशः पाहता डास काही चावत नाही, हा आक्षेप खरा आहे, पण काम जबड्यांचेच आहे आणि कोणीही मराठी माणूस दुसरे क्रियापद वापरत नाही. एवढे काटेकोर व्हायचे तर ‘गोम चावली’ हेही सोडावे लागेल, कारण तिच्या विषारी आकड्या पायांच्या पहिल्या जोडीपासून झालेल्या असतात. ‘दंश’ चालेल, ‘डास’ हा शब्दही त्यातूनच आला आहे. ‘डासाने डंख मारला’ मात्र टाळावे, कारण डंख म्हटले की वाचकाला मधमाशीची नांगी आठवते. आकृतीखाली एकत्रित नाव हवे असेल, तर ‘मुखांगे’ लिहावे.